सायलेन्सरचा दुसरा नट

माझी मोठी बहीण विजया हिला रायपूरच्या भनपुरी भागातल्या मेकॅनिक लोकांत एकाच कामासाठी मान आहे. गंजून जाम झालेला नट ती न तोडता काढते. ऐकायला हे काही फार मोठं वाटत नाही. मलाही वाटायचं नाही. मी नवा रायपूरला सरकारी कार्यालयात बसते, तेलीबांध्याच्या तळ्याजवळ राहते, आणि नाक मुरडण्यात मी कोणाला हार जाणारी नाही. पण तिच्या गॅरेजात त्या दुपारी जे पाहिलं, त्यानं माझंसुद्धा तोंड बंद झालं. आमच्या घरात ही बातमीच आहे.

आमचे बाबा रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत फिटर होते. विजयाताईला लहानपणी त्यांच्याजवळ बसायचा नाद, मला पळायचा. बाबा तिला सांगायचे, नट तुटण्याआधी सांगतो. आधी तो अडून बसतो, मग जरा मऊ लागतो. पण सुटणाराही मऊ लागतो आणि तुटणाराही. त्या दोन मऊपणांतला फरक अंगठ्याला कळला पाहिजे. ताईच्या अंगठ्याला तो कळायचा. म्हणून आसपासचे मेकॅनिक ड्रिल हातात घेण्याआधी गाडी ढकलत तिच्याकडे आणायचे.

तिचं औषध म्हणजे मेणबत्ती. रविवारी बुद्धविहारात वंदना झाली की जळून उरलेले तुकडे ती डब्यात भरून आणते. नट गॅसच्या बत्तीनं तापवायचा आणि त्याला मेण लावायचं. जिथे तेल जात नाही तिथे ते पातळ झालेलं मेण शिरतं. विहारातल्या बायका आधी कुरकुरायच्या, आता स्वतःच तुकडे वेगळे काढून ठेवतात.

गेल्या हिवाळ्यात ताई न्हाणीत घसरली आणि उजवं मनगट मोडलं. आत धातूची पट्टी बसवावी लागली. हळूहळू पकड परत आली, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर राहिली. डॉक्टर म्हणाले, नस दबली आहे, जाणीव येईल किंवा येणारही नाही. चहा किती गरम आहे हे तिला पेला ओठाला लावल्यावरच कळायचं. मी माझ्याकडे एक खोली आवरून ठेवली आणि रोज फोन करून तिचं डोकं खाऊ लागले, की आता पुरे, तळ्याकाठी फिरायला ये. ती नुसतं “पाहू” म्हणायची.

अशात यशदीप आला. हा पोरगा उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये शिफ्टला जातो. त्याची मोटारसायकल इतकी जुनी की ती बनवणारी कंपनीही उरली नाही. सायलेन्सर फुटला होता. तो काढायचा तर त्याला इंजिनाशी धरून ठेवणारे दोन नट सोडवायला हवेत, आणि दोन्ही गंजून दगड झालेले. ज्यावर ते नट बसतात ती आट्यांची सळी, म्हणजे स्टड, इंजिनाच्या हेडात, म्हणजे माथ्याच्या भागात, रुतवलेली असते. ती तुटली की हेड गेलं, आणि ह्या गाडीचं दुसरं हेड मिळत नाही.

“दीदी, सबने हाथ खड़े कर दिए,” तो म्हणाला. “आता तुमीच पाहा.”

“माहा अंगठा मेला आहे रे. तुटला तं?”

“तुटला तं तुटला. तुमच्या हातानं तुटला एवढं तरी.”

ताई माझ्याकडे वळली. मी तिला न्यायलाच आले होते. “राधिका, हा तुटला तं मी शटर पाडून तुह्या घरी येते. मग मले कोणी काही विचारायचं नाही.”

इतके महिने मला हेच तर हवं होतं. पण तिचा तो चेहरा पाहिला आणि नट सुटावा म्हणून माझाच जीव टांगणीला लागला.

गाडी आदल्या दिवशीपासूनच गॅरेजात होती, आणि तेल तिनं तेव्हाच घालून ठेवलं होतं. आता तारेच्या ब्रशनं गंज झाडला, बत्ती पेटवली, मेण लावलं. पहिला नट किरकिरत का होईना, आला. तो जरा आडोशाला होता. दुसरा चाकासमोरचा, सगळ्या चिखलाचा मार खाल्लेला. त्यावर पाना लावून ताईनं किंचित जोर दिला आणि हात काढून घेतला.

“काहीच सांगून नाही राहिला,” ती म्हणाली.

मग तिनं एक विचित्र गोष्ट केली. भात शिजला का हे दाबून पाहावं तसा तिनं एकेका बोटानं पाना दाबून पाहिला. अंगठा झाला, शेजारची दोन झाली. करंगळीपाशी येऊन ती थांबली. आणि मग अंगठा बाहेर काढून तिनं पाना नुसत्या शेवटच्या दोन बोटांत धरला. एरवी मी हसले असते.

आधी तिनं नट उलट आणखी कसला. यशदीप दचकला. मग केसभर सोडला, पुन्हा कसला, पुन्हा सोडला. बाहेर ट्रक जात होते, धूळ आत येत होती, आणि ही बाई दोन बोटांवर वाकून बसलेली. एकदा जोर देता देता ती मधेच थांबली. आम्हाला काही दिसलं नाही, काही ऐकूही आलं नाही.

“काय झालं?”

“तुटून राहिला होता.”

“तुले कसं कळलं?”

“मऊ लागला.”

तिनं पाना मागे फिरवला, पुन्हा तापवलं, पुन्हा मेण. हे किती वेळा झालं मला सांगता येणार नाही. चहा आला तसाच निवला. ताईच्या मानेवरून घाम ओघळत होता. शेवटी नट करकरला आणि फिरला. तिनं घाई केली नाही. पुढे-मागे, पुढे-मागे करत तो मोकळा झाला, तेव्हा पाना ठेवून तो हातानंच उतरवला. आतला स्टड अख्खा होता, त्याच्या आट्यांत मेण चमकत होतं.

यशदीपनं हळूच “जय भीम, दीदी” म्हटलं. मला तर भीतीच वाटली, खोटं कशाला सांगू. बाबांनी वर्षानुवर्षं जे तिच्या अंगठ्यात भरलं होतं, ते हिनं एका दुपारी उचलून दुसरीकडे नेलं. माझी सख्खी बहीण, जिला मी रोज फोनवर शहाणपण शिकवत होते.

मी तिचा हात हातात घेतला.

“दुखते काय?”

“करंगळी लय दुखून राहिली,” ती म्हणाली, आणि पडल्यापासून पहिल्यांदा मोकळी हसली. “अंगठ्याले बाबानं शिकवलं होतं. हिले मलेच शिकवा लागन.”

मी तिला घरी चल म्हटलं नाही.