दहा अंकी कौल

आंबेनळी घाटात दरड कोसळल्याची बातमी आली तेव्हा माझा धाकटा भाऊ टेम्पो घेऊन त्याच घाटात होता. मी महाडला शाळेत गणित शिकवते, त्या दिवशी सुट्टी म्हणून पोलादपूरच्या वर आमच्या वाडीत आईकडे आले होते. भावाला फोन लावत होते. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. संपर्क क्षेत्राबाहेर.

आई पदर खोचून उठली. "देवळात जाते गो. कौल लावून येते."

भीती वाटली की मला राग येतो. देवीला लावलेली ओली कळी उजवीकडून पडते की डावीकडून, यावर माझ्या भावाचा जीव ठरणार! मी तिच्यावर खेकसले. ती गेली.

मग घरात मी एकटी आणि समोर मोबाईलवर त्याचा नंबर. तो पाहता पाहता कधी ठरवलं कळलंच नाही, पण ठरवलं खरं: ही मूळ संख्या असेल, कशानंच भाग जात नसेल, तर तो सुखरूप आहे.

जुन्या उत्तरपत्रिकेचं मागचं कोरं पान घेतलं. शेवटी तीन, म्हणजे दोन आणि पाच सुटले. अंकांची बेरीज एकोणपन्नास, तीननं भाग नाही. तीन-तीन अंकांचे गट पाडून सात, अकरा आणि तेराला एकदमच वाटेला लावलं. दहा अंकी संख्या मूळ आहे हे हातानं सिद्ध करायचं तर जवळजवळ लाखापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं. ते या जन्मी होणार नव्हतं, आणि मला तेच हवं होतं. भाग जात नाही तोवर तो आहे.

सतरा. बाकी उरली. एकोणीस, तेवीस, एकोणतीस. प्रत्येक वेळी बाकी उरली की जीव भांड्यात पडायचा आणि मी लगेच पुढचा भागाकार मांडायचे. एकतीस. सदतीस. एक्केचाळीस.

त्रेचाळीसनं पूर्ण भाग गेला.

मी पुन्हा भागून पाहिलं. उलटा गुणाकार केला. आपलं गणित चुकावं असं आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं. चुकलं नव्हतं.

तेवढ्यात आई आली. चेहरा निवळलेला. "उजवा दिलान देवीनं."

"पहिल्याच वेळी?"

"नाय गो. पयले दोन डावेच आले. मी गुरवाला म्हटलं, परत लाव. देवी हाय ती, आयकते."

एरवी मी तिला चांगलं सुनावलं असतं. त्या दिवशी मला तिचा हेवा वाटला. त्रेचाळीसला कोण सांगणार, परत लाव म्हणून?

मी कागद चुलीत टाकला तोच फोन वाजला. अनोळखी नंबर. उचलायचा धीर होईना. शेवटी आठ. सम संख्या, भागाकाराचीही गरज नाही. आईनंच माझ्या हातातून फोन घेतला.

"ताय हाय का तिथं?" पलीकडून तोच ओरडत होता. "दरडीच्या अलीकडंच हाय मी. माझा मोबाईल मेलाय, हा दुसऱ्या ड्रायव्हरचा हाय."

गेल्या वर्षी त्यानं नंबर बदलला. नवा मला तोंडपाठ आहे. त्याची साधी बेरीजसुद्धा मी अजून केलेली नाही.