निवडायचा राहिलेला डबा

कुणालाच न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो. अंकुशदादाच्या आजारपणात मी तीन शनिवार त्याच्या घरी गेलो आणि तिन्ही वेळा दाराबाहेरूनच परत आलो. पहिल्या शनिवारी बाहेर चपलांचे सात जोड होते, दुसऱ्या शनिवारी पाच. तिसऱ्या शनिवारी फक्त त्याच्या आणि वहिनींच्या चपला. म्हणजे आत दुसरं कुणीच नव्हतं. तरी बेल वाजवली नाही. आजारी माणसाला पहिलं वाक्य काय म्हणायचं, तेच सापडेना... जिना उतरून मेसेज केला, ‘ऑफिसात अडकलो.’ मंगळवारी सकाळी वहिनींचा फोन आला, “भावोजी, हे गेले.” मी म्हणालो, “बरं.” एवढंच.

बोरिवली पूर्वेला जिन्याखालच्या जागेत त्याचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान होतं. बारा वर्षांपूर्वी मी मिक्सर घेऊन गेलो. काम झालं, पैसे दिले, तरी उभाच. निघताना काय बोलायचं असतं, हे मला कधी जमलेलं नाही. लग्नात मी पाण्याच्या पिंपाशेजारी उभा राहतो, तिथे उभं राहायला निदान कारण असतं. दादाने मान वर न करता एक पत्र्याचा डबा सरकवला. “रिकामा आहेस ना? मग ह्यातले स्क्रू वेगळे कर. माझ्या डोक्याचा पार भुसा झालाय.” मी बसलो. आधी लांबीप्रमाणे, मग डोक्याप्रमाणे, मग आट्यांप्रमाणे, प्रत्येकाची बरणी वेगळी. दोन तासांत आम्ही चार वाक्यंही बोललो नसू. उठलो तेव्हा तो म्हणाला, “शनिवारी ये.” कुणी ये म्हटलं आणि मला खरंच जावंसं वाटलं, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

मग दर शनिवारी जात राहिलो. एवढे निवडलेले स्क्रू आठवडाभरात पुन्हा एकत्र कसे होतात, हे कोडं मला पडायचं. धंदा म्हटलं की होत असेल, असं मीच ठरवून टाकलं. गिऱ्हाइकं विचारायची, “काय अंकुश, माणूस ठेवलास?” “ठेवतोय कसला! इंजिनियर आहे तो, परवडेल का मला?” सगळे हसायचे, मीही. हात गुंतलेले असले की माझी जीभ सुटते, हे मला त्या स्टुलावर कळलं. चहावाला, शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकू, शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर... माझी म्हणावीत अशी माणसं मला तिथेच मिळाली.

चार वर्षांपूर्वी माझ्या मुलीला स्वमग्नता असल्याचं निदान झालं. डॉक्टरबाई तिच्याविषयी एकेक सांगत होत्या आणि मी मनात स्वतःच्या नावापुढे खुणा करत होतो. पुढे माझीही तपासणी झाली, निदान तेच निघालं. बायकोखेरीज ते फक्त दादाला सांगितलं, तेही महिनाभर चाचरून. तो वायर सोलत होता.

“बरं, मग?”

“मग काय... सांगितलं.”

“मला वाटलं, तुला ठाऊक असेल. तो बारका वॉशर दे रे.”

त्या दिवशी घरी चालत गेलो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एवढं हलकं वाटू शकतं, हे मला माहीत नव्हतं.

बाराव्याला वहिनींना मी तेच खोटं पुन्हा सांगितलं, ऑफिसातून निघताच आलं नाही. त्या “असू दे” म्हणाल्या आणि आतून तो डबा घेऊन आल्या. काठोकाठ भरलेला, सगळं एकत्र.

“दर शुक्रवारी दुकान बंद करताना सगळ्या बरण्या ह्यात ओतायचे. मी ओरडायचे, अहो, त्यांनी एवढं निवडून ठेवलंय, वेड लागलंय का तुम्हाला? तर म्हणायचे, उद्या सतीश येईल, मग तो करेल काय?” त्यांनी डबा माझ्यापुढे ठेवला. “दुकान बंद पडल्यावर सगळं घरी मागवून घेतलं. शेवटच्या शुक्रवारीसुद्धा ओतलं हो. अर्धे स्क्रू कॉटखाली गेले. मी गोळा केले.”

मी डबा मांडीवर घेऊन बसलो. तेव्हाही खरं बोललो नाही.

आता तो माझ्या टेबलावर आहे. झाकण उघडतो, बघतो, लावून ठेवतो. हा लेख रविवारी छापून येईल. त्याच्या आदल्या दिवशी डबा घेऊन मला वहिनींकडे जायचं आहे. बाहेर कितीही चपला असोत, बेल वाजवायची आहे. तीनदा येऊन परत गेलो, हे त्यांना माझ्या तोंडून कळायला हवं. मग तिथेच बसून तो डबा निवडायचा आहे. दादाचं एवढं देणं माझ्याकडे राहिलं आहे.