रेग्युलेटरवरचा बर्फ

मिग वेल्डिंगच्या कार्बन डायऑक्साइड सिलिंडरवरचा रेग्युलेटर बर्फानं पांढरा झाला, की माझी बोटं आजही गार पडतात.

घुग्घुसच्या भर उन्हाळ्यात सलीमभाऊ पाण्याच्या टँकरमध्ये उतरून वेल्डिंग करत होते. बाहेर रेग्युलेटरपाशी मी, स्वतःला मोठा मिस्त्री समजणारा. वेल्डला छिद्रं पडू नयेत म्हणून गॅस भरमसाट सोडला आणि त्या बर्फावर गाल टेकवून ओरडलो, "भाऊ, इथी तर काश्मीर हाये!"

"तुले काश्मीर अन् मले भट्टी! मजा करून राह्यला बे?"

मी आणखी चिडवलं. उत्तर आलं नाही. आतून नुसती गॅसची सूं सूं. त्या गॅसनं टाकीतली हवा हाकलून लावली होती.

चौघांनी ओढून काढल्यावर बऱ्याच वेळानं शुद्धीवर येत भाऊ पुटपुटले, "बोलनं काऊन बंद केलं बे?"

मी तर ओरडतच होतो.