शालिकराम मिस्त्री आणि नळीत अडकलेला गज

इतवारीच्या बाजारात माझं वह्या बांधायचं दुकान होतं आणि त्याला लागून शालिकराम मिस्त्रीचं बंदुका दुरुस्त करायचं. मध्ये फक्त फळ्यांची भिंत. वीस वर्षं आम्ही शेजारी, पण बोलणं फारच थोडं झालं. मिस्त्रीला ऐकू येत नसे.

तरुणपणी तो कामठीच्या छावणीत हत्यारखान्यात होता. दुरुस्त झालेली प्रत्येक बंदूक उडवून पाहायची, हे त्याचं काम. त्यात कान बरेचसे गेले. बायको रुख्मिणी होती तोवर ती हातवारे करून, कानाशी तोंड नेऊन त्याला सगळं सांगायची. तापाच्या मोठ्या साथीत ती गेली. मूलबाळ नव्हतं. गिऱ्हाईक यायचं, मोडलेला भाग बोटाने दाखवायचं. मिस्त्री जितके दिवस लागतील तेवढी बोटं दाखवायचा, की झालं बोलणं. बाजारातली माणसं आधी ओरडून बोलत, मग एकच गोष्ट तीनदा सांगावी लागते म्हणून कंटाळली. कंटाळलेल्यांत मीही होतो.

दसरा उलटल्यावरची गोष्ट. भर दुपारी रस्त्यावरून एका बाईचा आवाज आला, "बंदुकीचा मिस्त्री इथंच बसते काय गा?"

आवाज एवढा खणखणीत, की समोरचा अत्तरवाला दचकला. मी उत्तर देणार, तोच फळ्यांपलीकडून मिस्त्री म्हणाला, "इथंच वं बाई. ये."

मी हातातलं काम सोडून बाहेर आलो. मिस्त्रीने ऐकलं होतं!

बाईचं नाव पंचफुला. रामटेककडच्या एका खेड्यातली, चाळिशीची. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. धानाचं शेत जंगलाला लागून, त्यामुळे पीक उभं असेतो माळ्यावर बसून ती एकटीच डुकरांना हाकलायची. आरोळ्या मारून मारून गळा असा झाला होता, की आता तिला हळू बोलताच येत नव्हतं. नवऱ्याच्या ठासणीच्या बंदुकीचं लायसन तिच्या नावावर झालं होतं. तीच बंदूक घोंगडीत गुंडाळून ती रामटेकच्या गाडीने आली होती. नळीच्या तोंडातून बार ठासायच्या सागवानी गजाचं वीतभर टोक बाहेर आलेलं.

"साफ कराले चिंधी घातली," ती म्हणाली, "तं गज आतच बसला. गावात चार जणांनी ओढला, हालत नाही. कोतवाल म्हणे, मागून दारू घाल आन उडव, आपोआप निघंन."

"मंग उडवला काहून नाही?"

"भेव वाटलं."

"भरेल आहे काय आतमधी?"

"कोणाले ठाऊक! मालक गेले तवापासून म्या बार काढलाच नाही. नुसती खांद्यावर ठेवतो. डुकराले काय समजते?"

मिस्त्री गालात हसला. त्याने आधी नळीचं तोंड भिंतीकडे केलं. मग बार पेटवणारी टोपी जिच्यावर बसते ती छोटी चोच पेचातून काढली आणि त्या भोकातून कोमट पाणी सोडलं. आडवी धरली तर काळंकुट्ट पाणी ठिबकायला लागलं. पुन्हा सोडलं, पुन्हा काळं.

"पाह्यलं? भरेलच होती. कोतवालाचं ऐकलं असतं तं नळी फुटून तुह्याच तोंडावर आली असती."

पंचफुला त्या काळ्या पाण्याकडे बघत राहिली. "मालकाच्याच हातची भरेल असंन," एवढंच म्हणाली. आणि तेवढं तिला चक्क हळू म्हणता आलं. मिस्त्रीला ते ऐकू गेलं नाही. मी ऐकलं.

पाणी स्वच्छ यायला लागल्यावर त्याने दोन्हीकडून तेल सोडलं. ते मुरेपर्यंत दोघं बोलत बसले. शेत, डुकरं, रुख्मिणी, छावणीतले गोरे. मिस्त्री एवढं बोलू शकतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

मग नळी शिकंज्यात आवळून त्याने मागचा गंजलेला पेच घाम गाळत फिरवून काढला. आता नळी दोन्हीकडून उघडी झाली. पंचफुलाला पुढे उभं करून म्हणाला, "मी मांगून ठोकतो. तू टोकावर नजर ठेव. हाललं का सांगजो."

मागून लोखंडी सळई घालून तो लाकडी हातोडीने हळूहळू ठोकू लागला. बराच वेळ काही नाही. मग सगळ्या इतवारीला ऐकू जाईल असा आवाज आला, "हालला! हालला गा मिस्त्री!"

गज बाहेर आला, मागोमाग फुगलेल्या चिंधीचा बोळा. दोघंही लहान मुलांसारखी हसत होती.

पुढची तीन वर्षं दसऱ्यानंतर ती यायची. बंदुकीला काही झालेलं नसायचं. मिस्त्री तरीही ती सगळी उकलायचा, पुसायचा आणि पुरा दिवस लावायचा.

चौथ्या वर्षी आली तेव्हा मिस्त्रीचे कान पार गेले होते. ती बोलायला लागली आणि तो तिच्या ओठांकडे बघून मान हलवत राहिला.

"मिस्त्री, आता मी नाही येणार. आजच कचेरीत बंदूक जमा करतो. शेत दिरानं कसाले घेतलं. पोरगी कळमेश्वरले बलावून राहिली, तिच्याकडे जातो. सांगितल्याबिगर कशी जाऊ?"

"हो, हो," मिस्त्री म्हणाला. "पुढच्या साली जराशी लवकर आणजो. दसऱ्याच्या आधीच."

तिने पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्याने. दुकानादुकानांतून लोक डोकावले. मिस्त्री आनंदाने हसत होता. मग तिने हात जोडले, त्यानेही जोडले. जाताना ती माझ्या उंबऱ्याशी थांबली. "भाऊ, तुम्ही सांगजा त्याईले."

"सांगतो," मी म्हणालो. पण सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत वर्ष गेलं.

दसरा जवळ आला तसा मिस्त्री दुकान झाडून-पुसून बसायला लागला. त्याने सागवानाचा एक नवा गज घासून गुळगुळीत केला होता. दसरा गेला. एका दुपारी माझ्याकडे येऊन त्याने विचारलं, "कृष्णकांत, रामटेकची गाडी बंद झाली काय?"

छावणीत तो वाचायला शिकला होता. मी पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर लिहिलं: ती येणार नाही. गेल्या वर्षीच सांगून गेली. माझंच चुकलं.

त्याने ते दोनदा वाचलं. चिडला नाही. समोर बसला आणि पुठ्ठा माझ्याकडे सरकवला.

"काय काय बोलली, ते सगळं लिहून दे."

मी लिहायला बसलो. कळमेश्वर, मुलगी, दीर, कचेरी. पुठ्ठा भरला तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने दुसरा उचलून माझ्यासमोर ठेवला.