रंग सोडून लिहिलेले नियम

सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला असताना मी एका माणसाला दीड महिना चुकीचे प्रश्न विचारले आणि त्याने मोठ्या प्रेमाने त्यांची चुकीची उत्तरं दिली. दोष माझाच होता. पण हे कबूल करायला मला तेव्हा बराच वेळ लागला, कारण राग माझ्या नाकावर असायचा आणि चूक नेहमी समोरच्याची असायची.

नव्वदीचं दशक निम्मं उलटलं होतं. आमच्या सरांनी कुठून तरी एका जपानी वॉशिंग मशीनवरच्या लेखाची झेरॉक्स पैदा केली होती. ती झेरॉक्सची झेरॉक्स असल्यामुळे आकृत्या जवळजवळ पुसल्या गेल्या होत्या, पण सरांचा उत्साह शाबूत होता. यंत्राला आजवर फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच कळत होतं, आता त्याला ‘थोडं’, ‘बऱ्यापैकी’, ‘फार’ हेसुद्धा शिकवता येतं, असं त्यांचं सांगणं. याला फझी लॉजिक म्हणायचं. एखाद्या कामातला जाणता माणूस गाठायचा, तो निर्णय कसा घेतो ते त्याला विचारायचं, त्याची वाक्यं नियम म्हणून उतरवून घ्यायची आणि यंत्राला त्या नियमांवर चालवायचं. मला हे ऐकूनच आवडलं. आमच्या घरी वाईला आई स्वयंपाक शिकवताना मीठ ‘बेताचं’ आणि पाणी ‘जरासं’ यापलीकडे कधी माप सांगत नसे, त्यामुळे असल्या शास्त्रात मी आधीच मुरलेली आहे असं मला वाटलं.

जाणता माणूस म्हणून सरांनी गुळव्या सुचवला. उसाचा रस काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या कढईत, तीन-चार तास उकळतो आणि त्याचा गूळ नेमका कधी होणार ते गुळव्या ठरवतो. तो ‘उतरवा’ म्हणाला की काहील चुलवणाच्या आगीवरून काढायची. आधी काढली तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. मधला वेळ दोन-तीन मिनिटांचा. मी बनवणार त्या यंत्राच्या डब्याने त्या वेळी लाल दिवा लावायचा, एवढाच माझा प्रकल्प होता.

कराडच्या अलीकडे रस्त्याला लागूनच एक गुऱ्हाळ होतं. मालक फौजेतून निवृत्त झालेला, सगळे त्याला मेजर म्हणायचे. गुऱ्हाळावर आलेल्याने रस पिऊन, हातावर गरम गूळ घेऊन मगच जायचं, हा तिथला रिवाज तो हुकमासारखा पाळायला लावायचा. बाकी माणूस कडक. लंगडणारा बैल असो की ढिला पडलेला पट्टा, त्याचा एकच शेरा असायचा, “अनफिट.” आणि अनफिट वस्तू दुसऱ्या दिवशी तिथे दिसत नसे.

गुळव्या साठीच्या आसपासचे होते. मी त्यांना मामा म्हणायचे. सडपातळ अंग, डोक्याला मळकट मुंडासं, आणि बोलणं इतकं मऊ की काहिलीच्या आवाजात ऐकू यायचं नाही. चुलवणात उसाची चिपाडं सारणारा त्यांच्याच वयाचा जाळव्या हा त्यांचा जोडीदार. दोघं पंचवीस हंगाम एकत्र होते आणि एकमेकांशी दिवसभरात पाच-सहा शब्द बोलत.

मी आठवड्यातून तीन दिवस सकाळची एसटी पकडून जायचे. काहिलीत तापमान मोजायची तार सोडायची, वही उघडायची आणि विचारायला लागायचं. पुस्तकात लिहिलं होतं की गुळाची मुख्य खूण रंग. म्हणून माझा मुख्य प्रश्न रंग.

“मामा, आत्ता रंग कसा आहे?”

“तुमास्नी कसा वाटतोय, ताई?”

“पिवळट. थोडा लालसर.”

“व्हय. तसाच.”

मला वाटायचं, ते मला शिकवतायत. काय गुरू भेटला, स्वतः उत्तर न देता शिष्याकडून काढून घेतो! होस्टेलवर मी याचं कौतुकही केलं. वहीत लिहिलं, ‘ताप फार आणि रंग थोडा लाल, तर उतरवा.’ असे एकवीस नियम झाले. रस घट्ट होत आला की मामा पळीतला थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांत वळून बघायचे, तेही मी नोंदवलं होतं, पण समासात. ती खात्री करून घेण्यापुरती असावी असं मी ठरवून टाकलं होतं.

कॉलेजच्या लॅबमध्ये चपला बाहेर काढून जावं लागे, कारण आत कॉम्प्युटर होता आणि त्याला धूळ चालत नसे. तिथे बसून मी ते नियम मायक्रोप्रोसेसरच्या किटमध्ये भरले. रंग ओळखायला एक दिवा आणि प्रकाश मोजणारी काच बसवली. सगळं एका पत्र्याच्या डब्यात घालून मी गुऱ्हाळावर नेलं आणि डबा एकदाही बरोबर चालला नाही. पहिल्या आदणाला मामांनी “उतरवा” म्हटल्यावर सहा मिनिटांनी दिवा लागला. आदण म्हणजे एका वेळी काहिलीत शिजणारा रस. दुसऱ्या आदणाला रस नुसता उकळायला लागला आणि दिवा लागला. तिसऱ्याला लागलाच नाही. मामांचा गूळ मात्र तिन्ही वेळा सुरेख उतरला. मेजर माझ्या डब्याकडे बघत होता आणि ‘अनफिट’ हा शब्द त्याच्या ओठांवर होता हे मला दिसत होतं.

परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. चौथ्या आदणाला मी रडकुंडीला आले होते आणि मला रडण्यापेक्षा रागावणं सोपं जातं. मेजर शेताकडे गेला होता.

“मामा, आत्ता रंग कसा आहे?”

“तुमास्नी कसा वाटतोय?”

माझा तोल गेला. “निळा,” मी म्हणाले. “चक्क निळा दिसतोय मला.”

“व्हय,” मामा म्हणाले. “तसाच.”

जाळव्याचा चिपाडं सारणारा हात थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी मामांच्या तोंडाकडे बघितलं, आणि दीड महिन्यात पहिल्यांदाच डोळ्यांकडे. दोन्ही बुबुळांवर दुधाळ साय आलेली होती. मला इतकी लाज वाटली की हातातली वही मी मिटून पाठीमागे धरली.

वही मिटल्याच्या आवाजावरून मामांना कळलं असावं. “दोन वर्सं झाली, ताई,” ते हळूच म्हणाले. “उजेड कळतो, मानूस कळतो. रंग न्हाई कळत. मालकाला ठावं न्हाई. आंधळा गुळव्या म्हनलं की मग कोन हुबा करंल मला कायलीवर?”

“मग मला हो हो का म्हणत होता?”

“तुमी शिकल्यालं मानूस. लांबनं येता. तुमास्नी न्हाई कसं म्हनायचं?”

मग मी तो प्रश्न विचारला जो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. “मामा, तुम्ही कसं ओळखता?”

मऊ बोलणारा तो माणूस पाऊण तास बोलला. रस असतो तेव्हा खळखळतो, मळी निघाली की आवाज खाली बसतो, घट्ट व्हायला लागला की फदफदतो, आणि उतरायच्या सुमाराला बुडबुडा जड होऊन एकेक फुटतो. त्या वेळी ढवळायचं फावडं हाताला ओढ देतं. मग गोळी. ती बोटांत वळली आणि फावड्यावर मारल्यावर वाजली, की उतरवा. “डोळं मिटा अन् ऐका,” ते म्हणाले. मी मिटले. सुरुवातीला नुसता गलका होता. पण दोन दिवसांत मला फदफद आणि जड बुडबुडा वेगळे कळायला लागले, आणि आपल्याला काही नवं ऐकू येतंय याचा आनंद मला आजही आठवतो.

मी एकवीसच्या एकवीस नियम फाडले. प्रकाशाची काच काढून टाकली, होस्टेलमधल्या बिघडलेल्या टेपरेकॉर्डरचा माइक खोलून डब्याला जोडला. ढवळण्याची ओढ मोजायला फावड्याच्या दांड्यावर स्प्रिंग बसवली. नवे नियम नऊच निघाले, आणि तेही मामांच्या शब्दांत. ‘ताप लय, आवाज जड, वढ बरीच, तर उतरवा.’ वहीत मी तसंच लिहिलं होतं. टाइप करताना सरांनी ते शुद्ध करून घेतलं.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक थेट गुऱ्हाळावर आले. मेजर इस्त्रीचा शर्ट घालून हजर. परीक्षकांनी रस घेतला, डबा उघडून पाहिला आणि भुवया वर केल्या.

“गुळाचं मोजमाप करताय आणि रंगच घेतला नाही? रंग तर पहिली खूण. तुमचे तज्ज्ञ रंग बघत नाहीत?”

मेजरने मामांकडे पाहिलं. मी डब्याच्या वायरी उगाचच सारख्या करत म्हणाले, “सर, वाफेत रंग नीट दिसत नाही. सकाळचा उजेड वेगळा, दुपारचा वेगळा. उसाच्या जातीवरही रंग बदलतो. आवाज बदलत नाही.” यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

तेवढ्यात काहिलीशेजारून मामा बोलले, परीक्षकांकडे न बघता. “आवं साहेब, रंग काय, कुनालाबी दिसतो.”

परीक्षक हसले. मेजर तर छाती फुगवून हसला, जणू ते वाक्य त्यानेच शिकवलं होतं. जाळव्या चुलवणात तोंड घालून बसला होता, त्याचे खांदे हलत होते. आणि हसणं ओसरायच्या आत मामा म्हणाले, “उतरवा,” आणि डब्यावर लाल दिवा लागला. आधी मामा की आधी दिवा, यावर सर आणि परीक्षक चहा होईपर्यंत वाद घालत होते. मी वाद घातला नाही, हे माझ्या त्या वर्षातलं सर्वांत मोठं आश्चर्य.

हंगाम संपल्यावर मी मामांना मिरजेला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. जाळव्याही आला. मेजरला आम्ही काय सांगितलं? लग्नाला चाललोय म्हणून. मोतीबिंदू निघाला. जाड काचांचा चष्मा लागायच्या आधीच मी पुण्याला नोकरीवर गेले.

पुढच्या हंगामात दिवाळीनंतर मुद्दाम वाट वाकडी करून मी गुऱ्हाळावर उतरले. मी हाक मारताच मामांनी मला ओळखलं आणि जवळ येऊन निरखत राहिले. “आवाजावनं वाटलं हुतं, दांडगी पोरगी आसंल,” ते म्हणाले. “तुमी तर लय बारीक हाय की!”

मग जाळव्याने चहाडी केली. चष्मा आल्यावर पहिल्याच आदणाला मामांनी रंग बघितला, तो इतका सुंदर पिवळा दिसला की बघतच राहिले, आणि सव्वीस हंगामांत पहिल्यांदा त्यांचा गूळ करपला. मेजर ओरडला. तरी अनफिट म्हणाला नाही.

“डोळ्यानं घात केला बगा,” मामा स्वतःच हसत म्हणाले. तेवढ्यात काहिलीचा आवाज खाली बसला. फदफद सुरू झाली. मलाही ऐकू आली. मामांनी चष्मा काढला, मुंडाशाने पुसला आणि माझ्या हातात दिला.

“धरा जरा, ताई,” ते म्हणाले. “आता उतरवायचा हाय.”