औषधाची वाटणी

आमच्या घरात एकट्या पोराला खाऊ देणं म्हणजे पाप. बाजारातून आणलेली रेवडी असो नाहीतर पाहुण्यांनी दिलेलं केळं, ते आधी आईच्या पदरात पडायचं आणि मग सगळ्या पोरांत सारखं वाटलं जायचं. माझी आणि थोरल्या भावाची मिळून सात पोरं पलूसजवळच्या आमच्या घरात एकाच ताटलीवर डोळे लावून वाढत होती. एका केळ्याचे सात तुकडे करणारी आई मी पाहिली आहे. म्हणूनच आमचं घर एकत्र राहिलं, असं मी चारचौघांत अभिमानानं सांगत असे. आता सांगताना जीभ अडखळते. कारण याच अभिमानापायी माझी धाकटी मुलगी एका कानानं बहिरी व्हायची वेळ आली होती.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपून थोरला भाऊ पलटणीतून घरी आला, त्याच्या पुढच्या थंडीत तिचा उजवा कान फुटला. आईनं लसणाचं तेल कोमट करून घातलं. पू थांबेना, ताप चढत गेला, आणि उजव्या अंगानं हाक मारली तर पोरगी मान वळवेना. मग मी तिला सर्व्हिस मोटारीत घालून सांगलीला नेलं.

डॉक्टरांनी कानात पाहिलं आणि म्हणाले, "आणखी थोडे दिवस तेल घातलं असतं, तर या कानाशी नगारा वाजवला तरी ऐकू आला नसता. लढाईत जखमी शिपायांना देत होते ते औषध आता मिळतं. ते देतो."

औषध म्हणजे पांढऱ्या गोळ्यांची पूड. लहान पोरं कडू गिळत नाहीत म्हणून कंपाउंडरनं ती संत्र्याच्या पाकात कालवली, बाटलीत भरली आणि बाटलीला खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवली. एका खाचेपासून दुसरीपर्यंत एक डोस.

"दर वेळी बाटली चांगली हलवायची. पूड तळाला बसते," डॉक्टरांनी बजावलं. "वर पाणी भरपूर पाजायचं. ताप उतरला तरी बाटली संपेपर्यंत थांबायचं नाही. आणि हे फक्त हिचं. हिच्या वजनाचा हिशेब करून दिलंय."

मी सातवीची फायनल पास झालेला माणूस. शब्द न् शब्द पाठ करून घरी आलो.

पहिला डोस मी ओसरीवर दिला, तिथंच फसलो. पोरीनं घोट घेतला, ओठ चाटले आणि मोठ्यानं म्हणाली, "आबा, आणि!"

आमच्या घरात 'आणि' हा शब्द फक्त गोडाला होता. क्षणात सहा माना चौकटीतून बाहेर आल्या. त्यांच्या मागून सूप हातात घेऊन थोरल्या वहिनी आल्या.

"काय भावजी, गोड हाय व्हय?"

"औषध हाय, वैनी."

"असंल की. आमी कुटं इख म्हणतोय? पर गोड हाय नव्हं? मग आमच्या पोरांनी काय घोडं मारलंय?"

"डॉक्टर म्हणालं, फकस्त हिलाच द्या."

वहिनींनी सूप खाली ठेवलं. "आज बाटली येगळी, उद्या चूल येगळी, परवा रानाची वाटणी. तुमी शिकलेली माणसं, पायरीपायरीनं जाता!"

मी आईकडं पाहिलं. आई म्हणाली, "आरं, बोटाला लावून दे की वाईच. औषधच हाय. दुखणी असली तर जातील पोरांची."

सहा बोटं पुढं आली. मी लावलं. चुलीपुढं बसलेल्या माझ्या बायकोनं फुंकणी अशी जोरात फुंकली, की ओसरीवर राख आली.

दुपारी पुन्हा तेच. बाटली हलवली की खळखळ व्हायची, आणि तो आवाज ऐकून परड्यातली, माळ्यावरची, शेजारच्या अंगणातली पोरं जत्रेला निघावं तशी निघायची. बाटली भराभर उतरू लागली. वहिनींना नाही म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं, म्हणून मी एक तोड काढली. पोरीला गुपचूप गोठ्यात न्यायचं आणि बाटली अजिबात न हलवता, आवाज न करता पाजायचं.

एकदा भावानं अडवलंच. "गड्या, सारखा पोरीला घिऊन गोठ्यात काय करतुयास?"

"म्हस दावतोय."

"रोज?"

"तिला आवडती."

"तुला ताप न्हाई न्हवं?" म्हणून त्यानं माझ्या कपाळाला हात लावला.

ताप होता तो पोरीलाच, आणि तो हटत नव्हता. बायको तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवताना मला म्हणाली, "पोर आपल्या एकट्याची न्हाई, हे मला पटतंय. पर म्हणून काय ती कुणाचीच न्हाई?"

दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन मी पुन्हा सांगलीत. डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. तळाला पांढरा चिखल साचला होता.

"औषध सगळं इथं आहे," ते म्हणाले. "इतके दिवस तुम्ही हिला संत्र्याचं सरबत पाजलंत."

मग मी सगळं सांगून टाकलं. सहा बोटं, वाटणी, गोठा. डॉक्टर ऐकत राहिले आणि म्हणाले, "म्हशीला नाही दिलंत?"

मला हसावं की रडावं कळेना. पण पुढं ते हसले नाहीत. "बाकीच्या पोरांना बोटाएवढंच गेलं म्हणून निभावलं. एखाद्याला हे औषध सोसत नाही, अंगभर फोड येतात. आणि हिला ते अर्धवट मिळालं, तर कान जाईल." दुसरी बाटली त्यांनी मुद्दाम पाकाशिवाय दिली. "आता बघू कोण वाटणी मागतंय."

कुणी मागितली नाही. पण माझ्या लेकीनं पहिला घोट माझ्याच सदऱ्यावर थुंकला आणि दात घट्ट मिटले. मी विनवलं, बायकोनं दटावलं, आईनं गुळाचा खडा दाखवला. पोरगी एवढंच म्हणाली, "आदी समद्यांस्नी द्या. मग मी."

वहिनी उठल्या आणि त्यांनी चुलीवर काडेचिराइताचं पाणी ठेवलं. "भावजी, तिच्या बाटलीला कुणाचं बोट लागू देऊ नगा. पर वाटणी म्हंजे वाटणी. समद्यांच्या तोंडात कडू पडंल."

भाऊ पलटणीतल्या कवायतीसारखा गरजला, "फालिन!" पोरं ओळीनं उभी राहिली. एकेक घोट घेताना त्यांची तोंडं अशी वाकडी झाली, की माझी लेक टाळ्या वाजवू लागली. शेवटी भाऊ स्वतः प्यायला. शत्रूसमोर उभा राहिलेला तो माणूस तोंड धरून परड्यात पळाला. त्या हसण्यात पोरीनं आपला डोस गिळला, वर तांब्याभर पाणीही प्याली. त्या दिवसापासून बाटलीची खळखळ झाली, की पोरं उलट्या दिशेनं पळू लागली. वहिनी एकेकाला बकोटीला धरून आणत.

ताप उतरला तसे सगळे माझ्याकडं अर्ज घेऊन आले.

"बरी झाली की पोर," आई म्हणाली. "कशाला उगं छळतुयास?"

"गड्या, लढाई संपली," भाऊ म्हणाला. "आता पलटणीला घरी सोड."

मी उभ्या जन्मात या दोघांना नाही म्हटलं नव्हतं. "न्हाई," मी म्हणालो. "बाटली संपल्याबिगर न्हाई."

"अगं बया," वहिनी म्हणाल्या, "भावजींस्नी कंठ फुटला!" आणि काडेचिराइताचं भांडं त्यांनी स्वतःच पुन्हा चुलीवर ठेवलं.

बाटली रिकामी झाली, तरी कानाचं विचारायचा मला धीर होईना. एका सकाळी पोरगी आजीच्या मांडीवर डावा कान दाबून, दुखरा उजवा वर करून पडली होती, आई तिच्या केसांतल्या उवा बघत होती. मी मागून गेलो, वाकलो आणि इतक्या हळू "पोरी" म्हटलं, की आईलाही ते कळलं नाही.

काही नाही. तसाच वाकून मी पुन्हा म्हटलं, "पोरी."

डोळे न उघडता ती करवादली, "आवं आबा, ऐकाय आलं की मगाशीच! केवढ्यानं वराडताय!"