सरांचं अर्धं वाक्य

आमच्या घरात बाहेरची खोली सरांची आणि आतली माझी. सर म्हणजे माझा नवरा. लग्न झाल्यावर मी 'अहो' म्हणायचे, पण दिवसभर दारात पोरांचं 'सर, सर' चालायचं, मग माझ्याही तोंडात तेच बसलं. आठवी ते दहावीचा गणिताचा क्लास. खोली एवढीशी की पुढच्या बाकावरच्यांचे गुडघे भिंतीला टेकतात, तरी सरांना गळ्यात माइक लागतो. आवाज पोरांना नाही, रस्त्यावरून जाणाऱ्या पालकांना ऐकू जायला हवा ना!

सरांची एक खास पद्धत आहे. ते वाक्य अर्धंच बोलतात. "त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज एकशे ऐं...?" की पोरं छप्पर उडवतात, "ऐंशी!" "ऋण गुणिले ऋण बरोबर ध...?" "धन!" बाहेर उभे पालक खूश. काय तयारी करून घेतात हो सर! अहो, सगळं सरच म्हणतात, पोरं फक्त शेपूट लावतात. ही खोड जेवणाच्या ताटापर्यंत आलीय. "आज भाजीत मीठ जा...?" म्हणून माझ्याकडे बघत बसतात. मी नाही पुरं करत. बसा म्हणावं तोंड उघडं ठेवून.

यंदा माझ्या ताईची मुलगी आमच्याकडे राहायला आली. नववीत गणितानं तिला आपटलं होतं. भावजींचं नळाच्या सामानाचं दुकान आहे. त्यांनी बजावून ठेवलेलं, यंदाही गणित राहिलं तर शाळा बंद, दुकानात बसायचं. पोरीला शिकायचं होतं हो. पहिल्याच दिवशी भांडी पुसता पुसता म्हणाली, "मावशी, मला नळ नाही विकायचे." मी म्हटलं, काका घरातच आहेत, घाबरतेस कशाला? बोलून गेले खरी.

दुसऱ्या दिवशी बाहेर "ध...?" झालं, पोरं "धन!" म्हणून ओरडली, आणि मागून हिचा आवाज आला, "पण काका, का?"

मी आत कणीक मळत होते. हात थांबले माझे. बाहेर माइक नुसता खरखरला. मग सर म्हणाले, "परीक्षेत 'का' विचारत नाहीत." पोरं हसली. ही मात्र गप्प बसेना. रोज एक 'का' ठरलेला. सर रात्री माझ्यावर चिडायचे, "तुझ्या भाचीला सांग, बॅच बिघडते." मी म्हटलं, "दुधात काय लिंबू पिळलंय का तिनं?"

मग पालकांनी सराव परीक्षेचा लकडा लावला. पेपर काढायचा तर डोकं चालवावं लागणार, म्हणून सरांनी एका ओळखीच्या शिक्षकाकडून आयताच छापील पेपर आणला. पोरांनी तो उघडला आणि सगळी मख्ख. तो बिचारा पेपर, त्याला अर्धं वाक्य कुठून येणार? शेवटी सरांचा सगळ्यात लाडका, दाराबाहेरच्या फलकावर ज्याचा फोटो आहे तो, हात वर करून म्हणाला, "सर, सुरुवात करून द्या ना!"

मी दाराआड तोंडात पदर कोंबून हसले. सरांच्या तोंडचं पाणी पळालं. निम्मी पोरं नापास, ही काठावर. आणि एवढं होऊन यांनी काय अनुमान काढावं? पेपर चुकीचा, आणि पोरांच्या मनात शंका हिनं घातल्या! "उद्यापासून ही क्लासमध्ये नको," म्हणाले. पोरीसमोर म्हणाले. तिनं मान खाली घातली आणि बॅग आवरायला घेतली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ती गेली तर मीही जाते, मग खा माइक शिजवून!" म्हटलं. "बॅचमध्ये नको ना? मग इथं बसा, माझ्या ओट्यापाशी, आणि शिकवा तिला."

बसले. करतात काय! तिनं पहिलाच प्रश्न टाकला, ऋण गुणिले ऋण धन का? सर घसा साफ करून म्हणाले, "अगं, नियमच आहे तो, म्हणजे तो तसाच अस...?" आणि थांबले. तिनं पुरं केलं नाही. मीही नाही. गॅसवर दूध तापत होतं. दूध वर आलं, मी गॅस बंद केला. मग हळूच म्हणाले, "मला माहीत नाही गं."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही पुरं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला हा माणूस आवडला.

दुसऱ्या दिवशी हे चक्क सहावी-सातवीची पुस्तकं काढून बसले. संध्याकाळी खडूनं माझ्या ओट्यावरच लिहायला लागले. ऋण तीन गुणिले दोन, ऋण सहा. गुणिले एक, ऋण तीन. गुणिले शून्य, शून्य. "बघ, दर वेळी तीननं वर चढतंय. आता पुढं ऋण एकनं गुण." आणि खडू तिच्या हातात दिला. तिनं ओठ चावत तीन लिहिलं, आधी चिन्ह चुकली, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग दोघं रोज भांडायची. माझा ओटा पांढराफटक, स्वयंपाकाला उशीर, आणि मी एका शब्दानं बोलले नाही.

वार्षिक परीक्षेत पोरगी पास झाली. फार नाही, पण सरळ, स्वतःच्या पायावर. फलकावरचा लाडका मात्र आपटला. आडातच नव्हतं, पोहऱ्यात कुठून येणार? निकाल ऐकून भावजी आले. आता शाळा चालू ठेवतो म्हणाले, सरांचे हात धरले, "दहावीलाही इथंच राहू दे."

सर म्हणाले, "छे, दहावीला एखादा मोठा क्लास बघा. तिथं बरं पडेल."

पोरीचा चेहरा उतरला, तिनं बॅग भरून दाराशी आणून ठेवली. मी यांना आत ओढलं. "काय झालं तुम्हाला? तुमच्या हातून जन्मात एक पोर शिकली, तिलाच घालवताय?"

सर भिंतीकडे बघत म्हणाले, "बॅचला ओरडायला लावलं की भागतं. ही राहिली तर मला रोज शिकवावं लागेल."

मी बाहेर गेले आणि भावजींना सांगितलं, पोरगी इथंच राहील. तिची बॅग मीच उचलून आत नेली.